फलकावरचा केणी

आईला नावं वाचायची खोड आहे. तीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली बरीचशी सॉर्टिंगच्या खणांसमोर उभ्याने. त्यामुळे कुठेही लिहिलेलं नाव दिसलं की तिची नजर आधी आडनावावर जाते, मग गावावर, आणि मनातल्या मनात ते पाकीट कुठल्यातरी खणात टाकून ती मोकळी होते. लग्नाच्या पत्रिका, देवळाच्या पायऱ्यांवरचे देणगीदार, चौकातले भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स, काही म्हणून सुटत नाही. मागच्या मे महिन्यात ती पहिल्यांदा आमच्याकडे स्कॉटलंडला, इन्व्हरनेसला आली. एडिंबरा विमानतळावर मला मिठी मारून झाल्यावर तिने पहिली बातमी दिली ती ही, की मागे कुणीतरी 'पटवर्धन' अशी पाटी धरून उभा आहे आणि पटवर्धनांचा अजून पत्ता दिसत नाही.

तिला घेऊन आम्ही उत्तरेकडे असिंटला गेलो होतो. लॉक असिंट नावाचं लांबट तळं, काठावर एका पडक्या गढीचे दोन दात उरलेत तशा भिंती, आणि चहूकडे नुसते उघडे डोंगर. आईने बराच वेळ खिडकीतून बघून निकाल दिला, "मळवलीसारखंच आहे, फक्त झाडं उपटून नेलीत." तळ्याच्या वरच्या टोकाला इंचनाडॅम्फ नावाची वस्ती आहे. वस्ती म्हणजे एक हॉटेल, पाच-सहा घरं आणि एक जुनं चर्च. पाऊस नेमका तिथे सुरू झाला. तिकडचा पाऊस पडत नाही, आडवा येतो. थर्मासमधला चहा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीतच उरकल्या आणि जरा उघडल्यावर पाय मोकळे करायला म्हणून चर्चच्या आवारात शिरलो. फाटकाजवळच एक फलक होता. आई थांबली. थांबणारच.

"स्टेन," तिने वाचलं. "हा आपल्या डेल स्टेनवाला का गं?" मी म्हटलं, हो, दक्षिण आफ्रिकेचाच दिसतोय. "ड्र्यू. एमरी." मग तिचं बोट एकदम थबकलं आणि आवाज चढला. "अगं, केणी! टी. बी. केणी! आपल्याकडचा केणी इथे कसा आला?"

मला हसू आलं. नवऱ्यालाही आलं. मी म्हटलं, "आई, केणी नाही, केनी. आयरिश आडनाव आहे ते." ती म्हणाली, "असेल." मग उरलेली दोन नावं, मिचेल आणि टॉम्पसेट, तिने वाचली खरी, पण मनात, ओठ हलवत. बोट ओलं झालं होतं ते जाकिटाला पुसलं आणि गाडीकडे चालू लागली. मैलभर गेल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, "लिहितात तर सारखंच."

एवढंच. यात भांडण नाही, रुसवा नाही. पण ते 'असेल' माझ्या डोक्यातून जाईना. आई बरोबरच बोलत होती. रामनाथ केणी हे नाव माझ्या आजोबांच्या तोंडून तिने लहानपणापासून ऐकलेलं. मुंबईचा फलंदाज, १९५८ ते १९६० या काळात पाच कसोट्या खेळलेला. त्याचंही आडनाव इंग्रजीत असंच लिहीत. परक्या मुलखात, आडव्या पावसात, एक ओळखीचं आडनाव दिसल्यावर तिने आनंदाने त्याला हाक मारली होती आणि मी तिच्या हातातलं पाकीट काढून घेऊन दुसऱ्या खणात टाकलं होतं. अचूकपणे टाकलं होतं, यात शंका नाही.

परतीच्या वाटेवर तिने विचारलं, ही मुलं कोण, आणि सगळ्यांची एकच तारीख कशी? मी फोनवर शोधून तिला वाचून दाखवत गेले. १३ एप्रिल १९४१. त्या वर्षी त्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. हे सहाजण ब्रिटिश विमानदलाच्या किनलॉसच्या तळावरून अ‍ॅव्हरो अ‍ॅन्सन जातीच्या विमानातून निघाले. लढाईवर नाही, नेव्हिगेशनच्या सरावासाठी. नकाशा, होकायंत्र, वायरलेस घेऊन ठरलेला फेरा मारायचा आणि परत यायचं. वाटेत हिमवादळात सापडले. अंगावर बर्फ साचतोय, इंजिनाची ताकद जातेय, असे संदेश आले आणि मग काहीच आलं नाही. विमान बेन मोर असिंटच्या अंगावर आदळलं. आम्ही पुऱ्या खात बसलो होतो त्याच्या मागेच, ढगात डोकं खुपसून बसलेला डोंगर तो. बर्फ वितळेपर्यंत कुणाला मागमूस लागला नाही. २५ मे रोजी एका मेंढपाळाला ते सापडले.

"धनगराला," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बेचाळीस दिवस झाले गं."

तिने ते बोटांवर मोजलं होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. दहावा नाही, तेरावा नाही, महिना होऊन गेलेला. सहा घरांत बेचाळीस दिवस नुसतं 'बेपत्ता' या शब्दावर काढलेले.

"आणि मग त्यांना खाली कधी आणलं?"

इथे मी अडखळले, कारण उत्तर मलाही आत्ताच कळत होतं. खाली आणलंच नाही. डोंगर आडवाटेचा, सहा माणसांना खांद्यावरून उतरवणं त्या वेळी जमण्यासारखं नव्हतं, म्हणून जिथे सापडले तिथेच पुरलं आणि वर दगडांची रास रचली. ब्रिटनमधल्या सर्वांत उंचावरच्या आणि सर्वांत एकाकी युद्धकबरींत तिची गणना होते. ती रास वाऱ्यापावसाने ढासळत चालली म्हणून २०१३ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने सुमारे सहाशे किलोचा ग्रॅनाइटचा दगड तिथे बसवला. तोही चिनूक हेलिकॉप्टरला टांगून न्यावा लागला. म्हणजे जी माणसं उतरवता आली नाहीत त्यांच्याकडे बहात्तर वर्षांनी दगड चढवला. आणि चर्चच्या आवारात राहिली ती फक्त नावं.

"म्हणजे नाव इथे आणि मुक्काम वरती," आई म्हणाली. सॉर्टिंगवाल्या बाईला ही व्यवस्था अजिबात पटलेली दिसली नाही.

आई जुलैत परत गेली. मला मात्र एक शब्द चिकटून राहिला. सराव. आपल्या भाषेत हा शब्द किती निरुपद्रवी आहे. सराव परीक्षा, सराव सामना, सरावासाठी दिलेली गणितं. ज्याचे मार्क धरत नाहीत ते सगळं सराव. चुकलं तरी चालतं, किंबहुना चुकायचं ते इथेच चुकून घ्या, असं बाई सांगायच्या. त्यामुळे 'सरावात गेला' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानाला कुठेतरी अर्धवट लागतं. माणूस पूर्ण गेलेला असतो आणि वाक्य मात्र अर्धवट.

हे मला ठाऊक आहे, कारण ते मी जवळून पाहिलंय. बोपोडीला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहायच्या. त्यांचा मुलगा विमानदलात पायलट होता. सुट्टीवर आला की गच्चीवर आम्हा पोरांना हाताच्या पंजाने विमान कसं वळतं ते दाखवायचा. बोटं जुळवलेली, अंगठा आत, मनगट तिरकं. मी नववीत असताना तो गेला. उत्तरेत कुठेतरी, प्रशिक्षणाच्या उड्डाणात. पंचविशी उलटली नव्हती. तेव्हा कुठलंही युद्ध चालू नव्हतं. भेटायला येणारी माणसं जिन्यातच विचारायची, "लढाईत का?" आणि कुणीतरी हळूच सांगायचं, "नाही हो, सरावात." त्यावर येणारा तो 'हो का' मी कधी विसरणार नाही. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण त्या 'हो का'मध्ये जरा हवा गेलेली असायची, जणू माणसं एका मोठ्या गोष्टीची तयारी करून तीन मजले चढून आली होती आणि गोष्ट लहान निघाली. पुढे पुढे काकूंनीच शब्द बदलला. कुणी विचारलं की त्या 'ड्यूटीवर' म्हणायच्या. तेवढंच म्हणायच्या आणि चहा टाकायला उठायच्या.

त्याच्या नावाची पत्रं मात्र येत राहिली. बँकेची, विम्याच्या हप्त्याची, कसल्यातरी क्लबच्या वर्गणीची. नियमाप्रमाणे अशा पाकिटावर 'मयत' असा शेरा मारून ते पाठवणाऱ्याकडे परत करायचं असतं. आईने तो शेरा शेकडो पाकिटांवर पाहिला होता. या पाकिटांवर तिने तो मारू दिला नाही. पोस्टमनला सांगून ती पाकिटं ती स्वतः पर्समध्ये घालून आणायची आणि संध्याकाळी कुकर लावायच्या आधी वर देऊन यायची. अर्धा अर्धा तास बसायची. मी एकदा विचारलं, काकू काय करतात त्या पत्रांचं? आई म्हणाली, "फोडत नाहीत. वाचतात, वरचं नाव."

हे सगळं आठवत असताना मी किनलॉसला जाऊन आले. आमच्यापासून तासाभराचाही रस्ता नाही. तळ आता लष्कराकडे आहे, तारेच्या कुंपणाआड रणगाड्याच्या रंगाच्या गाड्या दिसतात. १९४१ मध्ये इथे विमानदलाचं १९ नंबरचं ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट होतं. या युनिटांत येणारी पोरं अगदीच कोरी नसत. पायलट उडवायला शिकलेला असे, वायरलेसवाला ठोके वाजवायला शिकलेला असे, नेव्हिगेटर कागदावर गणित मांडायला शिकलेला असे. पण आपापलं काम येणारे पाच-सहाजण आणि एक क्रू यांत फरक असतो, तो इथे घडवायचा. शिकवणारे बहुधा लढाईवरून जिवंत परतलेले. स्टेनच्या नावापुढे फलकावर डी.एफ.सी. आहे, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस. शत्रूच्या तोफांमधून विमान नेऊन-आणून पदक मिळवलेला माणूस हा, आणि गेला तो स्कॉटलंडच्या मेंढरांच्या कुरणावर, ईस्टरच्या दिवशी.

तळाच्या जवळच किनलॉस अ‍ॅबीचे अवशेष आहेत. मोडक्या कमानींच्या सावलीत गावचं कब्रस्तान आणि त्यात ओळीने लावलेले विमानदलाचे पांढरे दगड. मी एकेक वाचत गेले, आईसारखी. तारखा बघितल्या की लगेच कळतं. दोन-तीन दगडांवर एकच दिवस, मग काही आठवड्यांनी पुन्हा तसंच. या युनिटातून सहसा कुणी बॉम्ब टाकायला जात नव्हतं. नुसतं शिकत होते. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक त्या युद्धात गेले, त्यांतले आठ हजारांहून जास्त अपघातांत, त्यात सरावातलेच फार. हा आकडा वाचताना मला सारखा आमच्या जिन्यातला 'हो का' ऐकू येत होता. आठ हजार वेळा.

अ‍ॅन्सन या विमानाबद्दलही मी बरंच वाचलं, आणि सांगते, त्याच्यावर माझा जीव जडला. ते लढाऊ वगैरे दिसतच नाही. लाकडी पंख, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, दोन लहानशी चीता इंजिनं आणि दोन्ही अंगांना खिडक्यांची लांबलचक रांग, जुन्या एशियाडसारखी. वैमानिक तिला 'विश्वासू अ‍ॅनी' म्हणत. अकरा हजारांवर बनली. तिच्या सुरुवातीच्या बनावटीत चाकं आत घ्यायला यंत्र नव्हतं. पायलटच्या सीटशेजारी एक हँडल असे, ते हाताने फिरवायचं, एकशे चाळीसच्या आसपास फेरे, तेव्हा कुठे चाकं पोटात जात. उतरताना पुन्हा तेवढेच उलटे. हे काम अर्थातच सगळ्यांत नव्याच्या गळ्यात पडायचं. लहान फेरा असेल तर काही पायलट चाकं बाहेर तशीच ठेवून उडत, म्हणे, आणि शेजारचा सुटलो म्हणत बसे.

त्या रविवारी ते हँडल कुणी फिरवलं असेल, हा विचार मला फार छळतो. बाकी सगळं, वादळ, इंजिन, आदळणं, माझ्या कल्पनेच्या बाहेरचं आहे. पण दंड भरून येणं मला कळतं. विहिरीचा रहाट, उसाच्या रसाचा चरक, आजोळची पिठाची हातगिरणी. शंभर फेरे झाले की खांदा तापतो आणि माणूस हात बदलतो, शेजारच्याला म्हणतो, तू घे जरा. कुणीतरी ते म्हटलं असेल. कदाचित केणी.

हो, मी आता मनातल्या मनात केणीच म्हणते. सवय लागली.

लहानपणी शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी कधीकधी आईच्या ऑफिसात जायची आणि परतताना आम्ही वाकडी वाट करून होळकर पुलाजवळच्या वॉर सिमेट्रीत जायचो. तिला तिथली शांतता आवडायची, आणि मला कापलेल्या गवताचा वास. मुळेच्या काठाला एवढी निगुतीने राखलेली हिरवळ पुण्यात दुसरी नव्हती. माळीकाका चपला काढायला लावायचे नाहीत, पण आम्ही काढायचो. पांढऱ्या दगडांच्या रांगा, मध्ये गुलाब, आणि प्रत्येक दगडावर नाव, हुद्दा, वय. वीस. बावीस. एकोणीस. दुसऱ्या महायुद्धातले सोळाशेहून जास्त जण तिथे आहेत. मला मोठेपणी कळलं की ते सगळे पुण्यात गेलेले नाहीत. पश्चिम आणि मध्य भारतात इकडे तिकडे विखुरलेल्या कबरी, जिथे पुढे कुणी लक्ष देईल याची खात्री नव्हती, त्या उकरून इथे एकत्र आणल्या. म्हणजे एकाच कारभाराने कुठल्या कुठल्या छावणीतला मुलगा उचलून खडकीला आणला आणि इंचनाडॅम्फचे सहाजण होते तिथेच ठेवले. दोन्ही ठिकाणी आपुलकीच होती, असं मला वाटतं. नीट सांगता येत नाही.

आणि आपलेही काही असेच पडलेत की. माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक, १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशिनगनवर चालून गेला आणि मेला, वय बावीस, व्हिक्टोरिया क्रॉस. त्याचं नाव इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर आहे आणि ठाऊक असलेली कबर कुठेच नाही. कोकणात जाताना गाडीतून तो पुतळा दिसला की बाबा हॉर्न वाजवायचे, नमस्कारासारखा. घाडगे लढाईत गेला म्हणून त्याला पुतळा मिळाला, हॉर्न मिळाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाला काय मिळालं? विम्याच्या हप्त्याची स्मरणपत्रं. मला माहीत आहे, ही तुलना बरोबर नाही. घाडग्यांनी जे केलं ते केलंच. पण डोक्यात आलं ते लिहिलं.

सप्टेंबरच्या शेवटी मी ठरवून निघाले. वर जायचं, दगड बघायचा, सहा नावं वाचायची. बरोबर कामावरची एक मैत्रीण होती, तिकडच्याच खेड्यात वाढलेली, डोंगर चढताना गप्पा न मारणारी. ट्रॅलिगिल नावाची नदी धरून वाट आत शिरते. हा सगळा चुनखडीचा मुलूख. नदी चांगली खळखळत बरोबर येत असते आणि एका वळणावर बघावं तर पात्र कोरडं. नदी जमिनीच्या पोटात शिरलेली असते. कान लावला की आतून आवाज येतो. पलीकडच्या उतारावर लाल हरणांचे नर डुरकत होते, त्यांचा माजाचा काळ तो. गवत ओलं, पिवळं, आणि वास भिजलेल्या गोणपाटासारखा. दोन तास चढलो. माथा स्वच्छ दिसत होता. मैत्रीण मात्र पुन्हा पुन्हा पश्चिमेकडे बघत होती.

ढग कसा येतो ते मी पाहिलंच नाही. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले होते, वर बघितलं तर समोरचा डोंगर नव्हता. मग मागची दरी नव्हती. मग मैत्रिणीचं लाल जाकीट तेवढं उरलं, तेही धुतल्यासारखं फिकं. हरणांचा आवाज आता सगळ्या बाजूंनी येत होता. मी सिंहगड धुक्यात चढलेय, राजगड चढलेय, मला वाटायचं मला धुकं कळतं. पण हे वेगळं होतं. इथे वर आणि खाली यांतसुद्धा खात्री राहिली नाही. पाय सांगत होते चढ आहे, डोळे काहीच सांगत नव्हते. फोनवरचा निळा ठिपका तेवढा शांतपणे आमची जागा दाखवत होता.

त्यांच्याकडे ठिपका नव्हता. पेन्सिल होती. अमुक दिशेला, अमुक वेगाने, अमुक मिनिटं उडलो, वारा साधारण असा, म्हणजे आपण आत्ता इथे असणार, असा सगळा हिशेब कागदावर. त्याचाच तर सराव. यात वारा हा अंदाज असतो, आणि वादळात वारा कुणाचं ऐकत नाही. पंधरा मिनिटांत गणित कित्येक मैलांनी चुकतं आणि कागदावर ते बरोबरच दिसत राहतं. पंखांवर बर्फ धरला की विमान जड होतं, पंखाचा आकार बिघडतो, उचल जाते. मग उंची राखवत नाही, खाली यावंच लागतं. खाली समुद्र असेल तर ढगातून बाहेर पडायला वाव. डोंगर असेल तर ढगातच गाठतो. त्या वर्षी शोधायला डोंगर जाणणारं पथकही विमानदलाकडे नव्हतं; डोंगरी बचाव सेवा रीतसर उभी राहिली ती १९४३ मध्ये, अशी बरीच विमानं डोंगरांना धडकून झाल्यावर.

मैत्रीण म्हणाली, फिरू या. मी म्हटलं, थोडं थांबू, उठेल. तिने नुसती मान हलवली आणि माझ्या पिशवीचा बंद धरून मला वळवलं, लहान मुलीला रस्त्याच्या कडेला घेतात तसं. दगड आमच्यापासून किती लांब राहिला होता? ठिपक्याप्रमाणे फार नाही. मला तिचा रागच आला होता. उतरताना अर्धा तास आम्ही एकमेकींशी बोललो नाही. खाली पुन्हा ती नदी जमिनीतून वर आलेली भेटली, तिथे बसून चहा घेतला, आणि मागे बघितलं तर सगळं तसंच पांढरं. संध्याकाळपर्यंत उठलं नाही.

निघताना चर्चच्या फाटकाशी गाडी थांबवली. फलकावर पाऊस नव्हता या वेळी, बारीक चिलटं होती. मी नावं वाचली, मोठ्याने. मैत्रीण गाडीत होती, त्यामुळे लाज वाटली नाही. स्टेन, ड्र्यू, एमरी, केणी, मिचेल, टॉम्पसेट. आईने ज्या क्रमाने वाचली त्याच क्रमाने.

रात्री आईला फोन लावला. तिकडे उशीर झाला होता, पण ती जागी होती; दुसऱ्या दिवशी घटस्थापना, पत्रावळीत माती चाळून ठेवत होती. मी सगळं सांगितलं, ढगाचं, नदीचं, मैत्रिणीने पिशवी धरून ओढल्याचं. ती मध्ये मध्ये 'हं' करत होती.

"म्हणजे केण्याचं राहिलंच," ती म्हणाली.

"राहिलं."

चाळणीचा आवाज थांबला. "बरं झालं फिरलीस. ती मैत्रीण शहाणी आहे हो. तिला माझ्याकडून काहीतरी दे खायला." मग पुन्हा चाळणी सुरू झाली. "जूनमध्ये जा. तेव्हा तुमच्याकडे अंधारच पडत नाही ना रात्री दहा-अकरापर्यंत?"

"मेमध्ये तू येणारेस."

"मग मी खाली फाटकापाशी बसेन," आई म्हणाली. "तुम्ही या जाऊन."